लांबच्या वाटेला निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा

कापसाची पहिली वेचणी घरात आली, हरभऱ्याची पेरणी उरकली, की आपल्या खानदेशात जरा मोकळे दिवस येतात. मग कोणी वणीच्या गडाला निघतो, कोणी मुक्ताईच्या दर्शनाला, कोणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहायला. पूर्वी ह्या वाटा बैलगाडीने तुडवल्या जात. मग एस.टी. आली, आणि आता दारात मोटरसायकल उभी आहे. किल्ली फिरवली की निघालो.

वाचकहो, इथे आपल्या आजोबांची एक रीत आठवा. यात्रेला गाडी जुंपायची झाली, तर ते आठ दिवस आधीच बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घेत. चाकाला वंगण घालत. धाव ढिली झाली असेल तर लोहाराकडे जात. आणि मग नव्या पत्रीवर बैल दोन दिवस शिवारातच चालवून पाहत. पत्री खुपत असेल, खिळा चुकीचा बसला असेल, तर ते घरीच कळलेले बरे. अर्ध्या वाटेत बैल लंगडला तर कोणाच्या दारात जायचे?

हीच रीत मोटरसायकललाही लावायची आहे. सर्व्हिसिंग आठ दिवस आधी करा, त्यानंतर गाडी घराच्या आसपास चालवून पाहा आणि वाटेत रोज सकाळी तिच्याकडे डोळे उघडून बघा. गोष्ट साधी आहे. पण ती न केल्याने आमच्या घरात काय होता होता वाचले, ते सांगतो, म्हणजे आपल्या ध्यानात राहील.

गाडी बदलली, मिस्त्रीचे कामही बदलले

पन्नास वर्षांपूर्वी खेड्यात मोटरसायकल म्हणजे राजदूत, येझदी, नाहीतर बुलेट. राजदूत आणि येझदीच्या पेट्रोलात मापाने ऑइल मिसळावे लागे. वाटेत बंद पडली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटर फुंकून साफ करायचा आणि किक मारायची. एक पाना, एक पक्कड आणि थोडे डोके असले की भागत असे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि कमी पेट्रोलात चालणारी चार स्ट्रोकची गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. तिचीही दुरुस्ती गावचा मिस्त्री करू शकत असे.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. ह्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली, तर धक्का मारूनही ती सुरू होईल असे नाही, कारण पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. राजदूतवर शिकलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही.

त्यातच आता उंच, लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या आहेत. पोरे त्यांना ॲडव्हेंचर बाईक म्हणतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आली. पोटाखाली मोकळी जागा जास्त, पुढचे चाक २१ इंची, चाकाला तारा, खड्ड्यात दबणारे लांब शॉकॲब्सॉर्बर. शेताच्या वाटेला, नाल्यातून, मुरमाच्या रस्त्याला ह्या गाड्या चांगल्या. पण त्यांची ट्यूब, त्यांची केबल, त्यांचा ब्रेकपॅड प्रत्येक गावच्या दुकानात मिळेलच असे नाही. म्हणून लांबच्या वाटेवर अशा गाडीची निगा घरूनच ठरवून निघावे लागते.

वहिनींची परिक्रमा

माझे थोरले बंधू वारले, तेव्हा त्यांची एक इच्छा राहून गेली होती. त्यांना नर्मदा परिक्रमा करायची होती. केळीच्या बागा, मुलांची शिक्षणे, आईचे आजारपण ह्यांत ती राहिली. पुढे वहिनी म्हणू लागल्या, "त्यांच्या नावाने मी तरी करून येते." पायी जाणे गुडघ्यांमुळे शक्य नव्हते. परिक्रमेच्या बसगाड्या निघतात, पण वहिनींना बस लागते. घाटात तर हाल होतात. मोटरसायकलवर मात्र त्यांना काही होत नाही. चाळीस वर्षे भावाच्या मागे बसून त्या शेतात गेल्या आहेत.

शेवटी पुतण्या म्हणाला, "आई, मी नेतो तुला." त्याच्याकडे अशीच एक उंच गाडी आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला कार्तिकी एकादशी झाली आणि त्यानंतर चार दिवसांनी मायलेक निघायचे ठरले. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतला, कारण साडीचा पदर चाकात किंवा चेनमध्ये अडकण्याची भीती मोठी. हे त्यांनीच ठरवले, कोणी सांगितले नव्हते.

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरले तर अडीच हजारांच्या वर होतात, आणि रस्ता काही नदीला चिकटून जात नाही. म्हणून वाहनाने परिक्रमा तीन हजार किलोमीटरांच्या पुढे जाते. नियम असा, की नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही तिला ओलांडायचे नाही. हा नियम गाडीवाल्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. ओंकारेश्वराजवळ सनावद दक्षिण तीरावर आणि बडवाह उत्तर तीरावर. मध्ये पूल आहे. पण तुमची गाडी सनावदला बिघडली आणि चांगले गॅरेज बडवाहला असले, तरी परिक्रमेत असलेल्याला तिकडे जाता येत नाही. म्हणजे गॅरेज कुठे आहे एवढे कळून भागत नाही, ते आपल्या तीरावर आहे का, हेही पाहावे लागते.

आपण परिक्रमेला निघा की पंढरपूरला, गोष्ट एकच. वाटेवरची मोठी गावे कागदावर लिहा. त्यांपैकी आपल्या कंपनीच्या गाडीचे अधिकृत वर्कशॉप कुठे आहे, ते फोन करून विचारा. ते बहुधा जिल्ह्याच्या गावी असते. रविवारी सुट्टी असते का, तेही विचारा.

गाडीखालचा डाग

पुतण्याने सगळे केले, एक सोडून. कापसाच्या मोजणीत दिवस गेले आणि गाडीचे सर्व्हिसिंग राहिले. ते त्याने निघण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, घाईत करून घेतले. कुठे करून घेतले ते सांगत नाही. चूक घाईची होती, आणि ती त्यांची तशी आमचीही. नवे ऑइल पडले, फिल्टर बदलला, गाडी धुऊन चकचकीत झाली. "काका, आता पाच हजार किलोमीटर बघायला नको," असे मला सांगून सकाळी सहाला तो निघाला.

सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा करत दोघे ओंकारेश्वरला पोचले. स्नान झाले, पूजा झाली, परिक्रमा उचलली. पुढच्या मुक्कामाला बडवानी. तिथे एका आश्रमात उतरले. सकाळी पुतण्या सामान बांधत होता. वहिनी अंगण झाडणाऱ्या बाईशी बोलत उभ्या होत्या. गाडी पुढे घेतली आणि वहिनींना फरशीवर काळा डाग दिसला, भाकरीएवढा.

"हे काय सांडलं रे?"

"काही नाही आई, कालच्या गाड्यांचं असेल. आपलं सर्व्हिसिंग नवं आहे."

वहिनींनी चाळीस वर्षे डेअरीला दूध घातले आहे. त्या म्हणाल्या, "दूध सांडलं तर आपण आधी कॅन बघतो, मग जमीन. वाकून बघ."

पुतण्या वाकला. इंजिनाच्या पोटाखाली ऑइल काढण्याचा जो बोल्ट असतो, त्याच्या कडेने थेंब सुटत होता. इंजिनाला ऑइलची पातळी दाखवणारी छोटी काच असते. गाडी सरळ उभी धरून त्याने पाहिले, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. घरून निघाल्यापासून जेमतेम साडेतीनशे किलोमीटर झाले होते.

पुढची वाट सातपुड्यातून खेतियाकडे आणि तिथून आपल्या शहाद्याकडे उतरते. डोंगराळ रस्ता, चढ-उतार, मागे आई, दोन्ही बाजूंना सामान. ऑइल संपत गेले असते तर इंजिन तापले असते, आणि एका क्षणी आतला पिस्टन धरला असता. चालत्या गाडीचे इंजिन असे धरले, की मागचे चाक जागच्या जागी अडकते. क्लच दाबायला एक क्षण उशीर झाला, तर गाडी आडवी. उतारावर, मागून ट्रक येत असताना, ह्याचा अर्थ काय होतो ते लिहायला नको.

कोणी म्हणेल, ऑइलचा लाल दिवा लागतो की! ज्या गाड्यांना तो असतो, त्यांतही बहुधा तो ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नसतो. दाब उतरून दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काच बघणे हाच खरा उपाय.

आश्रमापासून थोड्या अंतरावर एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने बोल्ट काढून दाखवला. बोल्टाखाली पातळ धातूचा वॉशर असतो. ऑइल बदलताना तो नवा घालायचा असतो. इथे जुनाच चेपलेला वॉशर ठेवून, गळू नये म्हणून बोल्ट जोर लावून आवळला होता. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे. फार आवळले की आटे मरतात. सुदैवाने आटे अजून धरत होते. मिस्त्रीने नवा वॉशर घातला, बोल्ट बेताने आवळला. पुतण्याने बरोबर आणलेल्या लिटरच्या डब्यातले ऑइल भरले. पैसे विचारले, तर मिस्त्रीने वॉशरचे वीस रुपये घेतले. मजुरी घेतली नाही. "नर्मदे हर" म्हणाला आणि वहिनींकडे पाहून हसला, "माताजी की नजर अच्छी है."

वीस रुपयांचा वॉशर. तो आठ दिवस आधी चुकला असता, तर आमच्या अंगणातच डाग पडला असता आणि कोणाच्याही जिवाला घोर लागला नसता.

धुणे म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे

आपल्याकडे एक घोटाळा आहे. रस्त्याला 'सर्व्हिसिंग' अशी पाटी दिसते, तिथे पंपाने पाणी मारतात, फेस लावतात, गाडी चमकते. माणूस घरी येऊन सांगतो, सर्व्हिसिंग करून आणले. ते धुणे झाले. उलट जोराच्या पाण्याची धार चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर किंवा एअर फिल्टरच्या तोंडाशी मारली, तर नुकसानच होते.

लांबच्या प्रवासाआधीच्या खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये काय व्हावे? इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, नव्या वॉशरसह. एअर फिल्टर तपासणे. आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, फिल्टर लवकर भरतो. कागदी फिल्टर धुऊ नये, खराब असेल तर बदलावा. पुढच्या-मागच्या ब्रेकचे पॅड किती उरलेत ते पाहणे आणि ब्रेकच्या ऑइलची पातळी पाहणे. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या केबलची एकही तार तुटलेली नसावी. बॅटरी तपासून घ्यावी. चाक उचलून हाताने हलवून बघावे, बेअरिंगमध्ये खेळ असेल तर कळतो. दिवे, इंडिकेटर, हॉर्न पाहावेत.

तारांच्या चाकाची एक सोपी परीक्षा आहे. छोट्या पान्याने एकेका तारेवर हलके टिचकवा. घट्ट तार खणखणते, ढिली तार मडक्याला भेग पडल्यासारखी बद्द वाजते. अशी तार सापडली तर मिस्त्रीकडून बेताने आवळून घ्या. मुरमाच्या रस्त्यावर पाचशे-सातशे किलोमीटर झाले की ही परीक्षा पुन्हा करा.

टायर झिजला असेल तर निघण्याआधीच बदला. "जाऊन येऊ, मग बघू" हा हिशेब महाग पडतो. हवा किती भरायची, ते चेनच्या कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. एकट्याला वेगळी आणि मागे माणूस व सामान असताना वेगळी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरात माप जास्त दाखवते.

आणि हे सगळे झाल्यावर आठ दिवसांत दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. धुळ्याला जाऊन या, जळगावच्या बाजाराला जाऊन या. मागे माणूस बसवा, सामानही बांधून बघा. जे ढिले व्हायचे ते होईल, जे गळायचे ते गळेल, आणि आवळायला मिस्त्री तालुक्यालाच असेल.

वाटेत रोज सकाळी पाच मिनिटे

बडवानीनंतर मायलेकांनी रोजचा नेम केला. चहा होण्याआधी पाच मिनिटे गाडीला द्यायची. आपणही हा नेम करा.

आधी गाडी जागेवरून हलवून खाली बघा, डाग आहे का. मग गाडी सरळ उभी धरून काचेत ऑइल बघा. दोन खुणांच्या मध्ये असावे. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर थोडा वेळ थांबून बघा. मग दोन्ही टायर हाताने चाचपा, खिळा, काच, चीर आहे का. ब्रेक दाबून बघा. शेवटी चेन.

चेन फार आवळलेली नसावी, फार ढिलीही नसावी. खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वर-खाली करून किती हलते ते पाहायचे. साध्या गाड्यांत ते अडीच-तीन सेंटिमीटरच्या आसपास असते, उंच गाड्यांत जास्त. आपल्या गाडीचे माप पुस्तकात बघा. पुष्कळ लोक चेन वाजायला लागली की आवळत सुटतात. आवळलेली चेन दुहेरी बसल्यावर ताणते आणि बेअरिंग खाते. दर पाचशे किलोमीटरला, पावसातून किंवा धुळीतून गेल्यास त्याआधीही, चेन पुसून वंगण लावावे. हे काम संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर करावे. चेन कोमट असते, वंगण आत मुरते, आणि सकाळी उडत नाही. रबराच्या कड्या असलेली चेन पेट्रोलने धुऊ नये, त्या कड्या खराब होतात. थोडे रॉकेल किंवा चेनचा क्लीनर आणि जुने कापड पुरते.

अनोळखी गॅरेजात

आपल्या भागात गॅरेजांना तोटा नाही. धुळ्याला तर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. जुन्या माणसांच्या तोंडी त्यांचे नंबर तीन आणि सहा आहेत. आता सुरत-नागपूर रस्ता ५३ नंबरचा झाला आणि इंदूरकडे जाणारा ५२ नंबरचा. ह्या रस्त्यांवर टायर, वेल्डिंग, पंक्चर ह्यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. "कथा चालना भाऊ?" म्हणून विचारपूस करणारा मिस्त्री भेटला की जीव हलका होतो.

पण कोणते काम कोणाला द्यायचे हे ठरवून ठेवा. पंक्चर, चेन, केबल, ब्रेकपॅड, तारा, ऑइल, वेल्डिंग ही कामे रस्त्यावरचा चांगला मिस्त्री नीट करतो. इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागून राहिला, ए.बी.एस.चा दिवा जाईना, गाडी मध्येच दम सोडू लागली, तर ती संगणकाची भाषा आहे. ती वाचायचे यंत्र वर्कशॉपमध्ये असते. उगाच वायरी उघडू देऊ नका.

अनोळखी ठिकाणी काम देताना चार गोष्टी पाळा. आधी किंमत विचारा. काम चालू असताना चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि निघण्याआधी ज्याला ज्याला पाना लागला, तो प्रत्येक बोल्ट मिस्त्रीला पुन्हा दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री ह्याने रागावत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर पक्के बिल घ्या आणि ठरलेली सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच करा. ती किलोमीटरप्रमाणे येते तशी दिवसांप्रमाणेही येते, हे विसरू नका.

बरोबर काय न्यावे? गाडीला लागतात तेवढेच पाने, हवा भरायचा छोटा पंप, पंक्चरचे सामान, एक लिटर ऑइल, क्लचची एक केबल, दोन-तीन फ्यूज, एक प्लग, चिकटपट्टी, थोडी तार, बॅटरी. आणि ट्यूब. ह्या उंच गाड्यांच्या पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब खेड्यात सहसा मिळत नाही. एकच ट्यूब नेण्याइतकी जागा असेल तर तीच न्या. अडल्या वेळी ती मागच्या चाकात घालूनही हळूहळू पुढच्या गावापर्यंत जाता येते, आणि तिथे मागची ट्यूब मिळाली की बदलायची.

ओसाड टप्प्याच्या अलीकडे

शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत दोघे गुजरातेत उतरले. समुद्राशी परिक्रमावासी होडीने पलीकडे जातात, वाहनाला मात्र भरूचच्या पुलावरून फिरून जावे लागते. वहिनी होडीत बसल्या, पुतण्या पुलावरून गेला, आणि मीठी तलाईला दोघे पुन्हा भेटले. मग उत्तर तीर धरून बडोद्याकडून महेश्वर, आणि पुढे मुक्काम करत करत जबलपूर.

जबलपूरला पुतण्याने शहाणपण केले. तिथून अमरकंटक दोनशे किलोमीटरांहून जास्त, वाट दिंडोरीकडून, रानातून आणि डोंगरातून. गाडी ठीक चालत होती. तरी त्याने दोन दिवस आधी फोन करून जबलपूरच्या वर्कशॉपमध्ये वेळ घेतली होती. जबलपूर शहर उत्तर तीरावरच, त्यामुळे नदी ओलांडण्याचा प्रश्न नव्हता. तपासणीत मागचे ब्रेकपॅड संपत आलेले निघाले. दोन माणसे, सामान आणि घाट, मागचा ब्रेक जास्त खर्ची पडला होता. पॅड बदलले आणि मगच अमरकंटकचा रस्ता धरला.

ओसाड टप्पा ओलांडल्यावर गाडी दाखवण्यापेक्षा त्याच्या अलीकडच्या मोठ्या गावी दाखवा. वाळवंटाआधी पखाल भरून घेतात, नंतर नाही.

आणि एक. गाडीसारखीच चालवणाऱ्याचीही निगा लागते. दीड-दोन तासांनी थांबा, पाणी प्या, पाय मोकळे करा. मागच्या माणसालाही हेल्मेट कायद्याने लागते, आणि कायदा नसता तरी लागतेच. ते आय.एस.आय. शिक्क्याचे घ्या. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याच रस्त्यांवर ऊस-कापसाच्या ट्रॉल्या दिव्याविना चालतात. त्या ट्रॉल्या आपल्याच आहेत, तेव्हा त्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावणेही आपल्याच हातात आहे. मोठ्या रस्त्यावर अडचण आली तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, रुग्णवाहिकेचा १०८ आणि कोणत्याही संकटात ११२. हे तीन आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही लिहून द्या.

वहिनींची वही

बाविसाव्या दिवशी, ओंकारेश्वरी परिक्रमा पुरी करून, दोघे घरी आले. घरापासून घरापर्यंत ३,४८० किलोमीटर झाले होते. हा आकडा मला पुतण्याने सांगितला नाही, वहिनींनी सांगितला. त्यांच्याजवळ दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती. तिच्या मागच्या पानांवर त्यांनी रोजचे लिहिले होते. मुक्कामाचे गाव, गाडीच्या काट्यावरचे किलोमीटर, पेट्रोल किती, चेनला वंगण लावले का, ऑइल कुठवर, कोणत्या मिस्त्रीने काय केले आणि किती घेतले. बडवानीच्या पानावर फक्त "वॉशर रु. २०" एवढेच.

ती वही आता आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते. पुतण्या पुढच्या वर्षी पंढरपूरला निघाला, तेव्हा त्याने आधी वही काढली, मागचे ऑइल कधी बदलले ते पाहिले आणि निघण्याच्या दहा दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे नेली. गाडी घरी आणली, अंगणात लावली. सकाळी उठून वहिनी पहिल्यांदा अंगणात गेल्या आणि गाडी जरा पुढे घ्यायला सांगून खाली वाकल्या.

अंगण कोरडे होते. मग त्यांनी चहा ठेवला.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या घरची गाडी कोणीही चालवो, वाकून बघणारे माणूस घरात एक तरी असावे. त्याला पाना धरता आला नाही तरी चालेल. नजर पाहिजे, आणि "नवे सर्व्हिसिंग आहे" ह्या शब्दावर विसंबून न राहण्याची सवय पाहिजे. ह्या वर्षी आपण कुठे निघणार असाल, तर आज संध्याकाळीच गाडी जरा बाजूला घ्या आणि जमिनीकडे बघा.